हिवाळ्यातली नदी, डोंगा आणि आपण बाया

दर वेळी आम्ही या कार्यक्रमात बचतीचा हप्ता, कर्जाची परतफेड, ग्रामसंघाचं रजिस्टर असंच काही घेऊन येतो. आज ते बाजूला ठेवतो. धानाची कापणी झाली, चुरणं झालं, मंडई झाली, आणि आता गावागावांत मिरची तोडायला जायच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. म्हणून आज नदीबद्दल बोलू. हिवाळ्यातल्या नदीबद्दल.

पावसाळ्यात नदीची बातमी सगळे सांगतात. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं, गोसीखुर्दची दारं उघडली, वैनगंगेच्या काठच्या गावांनी सावध राहावं, हे रेडिओवर येतं, दवंडी होते, पोलीस पाटील सांगून जातात. दिवाळी झाली की नदी सगळ्यांच्या डोक्यातून जाते. पण आपल्या बाया नदीवर सगळ्यांत जास्त जातात त्या हिवाळ्यात. पावसाळ्यात रोवणी आपल्याच बांधीत असते. हिवाळ्यात काम असतं पलीकडे.

आपला नकाशा पाहिला तर कळतं की आपण पाण्यानं वेगळे केलेले लोक आहोत. वैनगंगेच्या एका काठाला चंद्रपूर, दुसऱ्या काठाला गडचिरोली. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढं तिचं नाव प्राणहिता होतं. प्राणहितेपलीकडं तेलंगणा. सिरोंच्याला ती गोदावरीत जाते, आणि आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. पूल झाले आहेत, नाही असं नाही. पण पुलावरून जायचं तर काही गावांना तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा पडतो, आणि समोरचं शेत तर डोळ्यांना दिसत असतं. मजुरीवर जाणारी बाई फेरा मारेल की डोंग्यात बसेल?

जुन्या बाया सांगतात, पौष-माघात नदी पायी ओलांडत होतो, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं की झालं. आता तसं राहिलं नाही. नदीवर बॅरेज झाले. पावसाळा संपला की त्यांची दारं बंद होतात आणि मागं पाणी तुंबून राहतं. शेतीला पाणी मिळतं, ते चांगलंच आहे. पण जिथं जानेवारीत रेती दिसायची तिथं आता बारमाही डोह आहे, आणि वरून पाणी इतकं शांत दिसतं की भीती वाटत नाही. सिरोंच्याच्या बाजूला मेडीगड्डा बॅरेजचं २०१९ मध्ये उद्घाटन झालं, त्याच्या फुगवट्यात आपल्या काठच्या लोकांच्या जमिनी गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचेच खांब खचले. नदी कधी भरेल, कधी उतरेल हे पूर्वी आभाळाकडं पाहून सांगता येत होतं. आता ते कोणाच्या तरी हातात आहे, आणि ते हात आपल्याला दिसत नाहीत.

२०२४ च्या २३ जानेवारीला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्याच्या बाजूला निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी गेल्या. पूर नव्हता, वादळ नव्हतं, दिवसाउजेडी झालं. त्या कोणाच्या सुना होत्या, कोणाच्या आया होत्या, आणि निघाल्या होत्या आपल्यासारख्याच डबा बांधून. त्यानंतर बरेच दिवस आमच्या गटांच्या बैठकीत हिशोबाचं काही सुचत नव्हतं.

आता थोडं लांबचं सांगतो. लांबचं आहे पण आपल्याशी जुळतं.

इंग्लंड देशात कालव्यांचं जाळं आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिथं कोळसा वाहून न्यायला कालवे खणले. पैसा वाचावा म्हणून पुष्कळ कालव्यांची दारं अरुंद ठेवली, सात फुटांची. म्हणून बोटीही अरुंद, जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फूट लांब. आपल्या दोन आगगाड्या एका रुळावर येऊ शकत नाहीत, तशा त्या दारातून एका वेळी एकच बोट जायची. आधी घोडा काठावरून दोरीनं ओढायचा, पुढं इंजिन आलं. मग रेल्वे आली. वाहतुकीचे दर पडले. नावाड्याला काठावर घर ठेवणं परवडेना, आणि वेगळा गडी ठेवणं तर त्याहून नाही. त्यानं बायको-लेकरांना बोटीवर आणलं. बायको बिनपगारी गडी झाली. हे ऐकून आमच्या बैठकीतल्या एका मावशी म्हणाल्या, "म्हणजे तिकडंही तसंच."

सत्तर फुटांतली साठेक फूट जागा मालाची. माणसांना मागच्या टोकाला दहा फुटांची खोली. तिच्यात कोळशाची शेगडी, भिंतीत दुमडणारा पलंग, फळीचं टेबल, आणि नवराबायको व चार-पाच लेकरं. तरी त्या बाया पितळ घासून लख्ख ठेवायच्या, जाळीचे पडदे लावायच्या, पाण्याच्या डब्यावर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले असायचे. बोट ओढणारी एक आणि मागं बांधलेली एक, अशी जोडी असली तर मागच्या बोटीचं सुकाणू बाईकडं. एका हाताखाली सुकाणू आणि दुसऱ्या हातानं बटाटे सोलणं. लेकरांची शाळा कधी झालीच नाही, कारण बोट एका गावी थांबतच नव्हती. १८७७ मध्ये तिथल्या सरकारनं कायदा केला, बोटीची नोंदणी करा आणि एका खोलीत किती माणसं राहतील ते ठरवून घ्या म्हणून. स्टोक ब्रुर्न नावाच्या गावात सिस्टर मेरी वॉर्ड नावाची एक परिचारिका होती. तिनं कितीतरी वर्षं या नावाडी लोकांचे दुखणेबाणे पाहिले. आपल्याकडच्या आशाताईंना ती आपलीच वाटेल.

हिवाळा तिकडं वेगळाच. पाणी गोठतं. कालवाच्या कालवा काचेसारखा होतो आणि बोट जागच्या जागी अडकते. बर्फ फोडायला वेगळी नाव असायची. पुढं बरेच घोडे जुंपायचे, नावेत मधोमध एक दांडा धरून माणसं दोन्ही बाजूंना उभी राहायची आणि नाव डुलवत डुलवत न्यायची, म्हणजे तिच्या वजनानं बर्फ तुटत जाई. आणि पैसे मिळायचे खेपेवर. बोट अडकली की खेप नाही, खेप नाही तर पैसा नाही. थंडीत शेगडी मात्र जास्त पेटवावी लागते. १९६२ च्या नाताळानंतर तिथं असा बर्फ पडला की १९६३ चा मार्च येईपर्यंत कालवे मोकळे झाले नाहीत. बोटीवरची कुटुंबं दोन महिन्यांहून जास्त बसून राहिली. माल रस्त्यानं जाऊ लागला तो परत आलाच नाही. त्याच वर्षी सरकारी खात्यानं अरुंद बोटींवरची आपली वाहतूक जवळपास बंद केली. आज तिथं हजारो लोक हौसेनं किंवा घरभाडं परवडत नाही म्हणून अशा बोटींवर राहतात, पण ते लोक वेगळे.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात गडी लढाईला गेले, तेव्हा शहरातल्या काही मुलींनी हे काम शिकून घेतलं. तिघी तिघी मिळून बोटींची एक जोडी चालवायच्या. लंडनहून माल घेऊन बर्मिंगहॅमकडं जायचं, येताना कोळसा भरून आणायचा. त्यांच्या बिल्ल्यावर दोन अक्षरं होती, देशांतर्गत जलमार्गाची. लोकांनी त्याच अक्षरांचा अर्थ लावला, आळशी बाया! टनानं कोळसा वाहणाऱ्या बाया आळशी. नाव ठेवणाऱ्यांना देश नसतो.

तुम्ही म्हणाल हे सगळं तिकडचं. पण असे कालवे आपल्या जंगलातही येणार होते. गोदावरीवर आर्थर कॉटन नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, त्याची कल्पना अशी की नागपूर-वर्ध्याकडचा कापूस नदीमार्गे थेट पूर्वेच्या समुद्राला न्यायचा. नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. एक खाली दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, आणि तिसरा आपल्या प्राणहितेवर, अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. या खडकांना वळसा घालून बाजूनं कालवे काढायचे आणि त्यांना पाणी चढवण्या-उतरवण्याची दारं बसवायची, अगदी इंग्लंडसारखी. त्या काळी सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. पण १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, कापूस तिकडं वळला, आणि १८७१ मध्ये हे काम सोडून दिलं. तिकडं हिवाळ्यात पाणी गोठतं म्हणून बोट थांबते, आपल्याकडं पाणी उतरतं आणि खडक वर येतात म्हणून थांबते. देवलमरीच्या बायांना विचारा, हिवाळ्यात तिथली नदी कशी दिसते ते.

नदीवरचा संसार आपल्यालाही नवा नाही. ढिवर-भोई समाजाच्या आपल्या कितीतरी गटभगिनी हिवाळ्यातले महिने नदीच्या पात्रातच काढतात. रेती उघडी पडली की डांगरवाडी लावायची. ओल लागेपर्यंत रेतीत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचं, बी टाकायचं, आणि रोपांना थंडी लागू नये म्हणून वाऱ्याच्या बाजूनं गवताचा आडोसा करायचा. टरबूज, डांगर, काकडी. गवताची झोपडी पात्रातच, कारण रात्री राखण लागते. चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्यांना नुसतं ऊन आठवतं. त्यांनी पौषात एक रात्र वैनगंगेच्या रेतीवर झोपून पाहावं. पारा दहाच्या खाली जातो, पहाटे धुई अशी उतरते की हातातली घागर दिसत नाही, आणि खालून रेती गार, वरून दव. माणूस मासे धरायला डोंगा घेऊन गेलेला, आणि बाई शेकोटीजवळ लेकरू मांडीवर घेऊन त्याच्या वल्ह्याचा आवाज ऐकत बसलेली. ही आपली नावेवरची बाई. तिच्या झोपडीला पत्ता नाही, म्हणून तिला राशनकार्डापासून गटाच्या कर्जापर्यंत सगळीकडं दोनदा जावं लागतं. बॅरेजचं पाणी रेतीवर चढलं की वाडी गेली, आणि तिचा पंचनामा कोण करणार? सातबारा तर नाही.

आता आमच्या घाटाचं सांगतो. घाटाचं नाव घेत नाही, कोणाला दोष द्यायचा नाही.

त्या २३ जानेवारीनंतर आमच्या नदीकाठच्या गटांची बैठक झाली. पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, जायचंच नाही. चार दिवस कोणी गेलं नाही. पाचव्या दिवशी एकजण म्हणाली, गटाचा हप्ता कशातून भरू? ते खरं होतं. मिरचीचे पैसे किलोवर मिळतात, उन्हाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा तोच. रोजगार हमीचं काम मागा असं आम्ही सांगितलं, आजही सांगतो. लेखी अर्ज करा, तारखेची पोच घ्या, काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत मिळायला पाहिजे. पण काम निघून मजुरी खात्यावर यायला वेळ लागतो, आणि मिरची झाडावर थांबत नाही.

मग नावाडीभाऊला बैठकीत बोलावलं. तो म्हणाला, "ताई, मला माणशी पैसे भेटतात. मी कमी बसवले तर दोन खेपा माराव्या लागतात, दुसऱ्या खेपेवाल्या ओरडतात, उशीर झाला म्हणते ठेकेदार." ठेकेदार म्हणाला, बाया नऊला शेतात पाहिजेत. बाया म्हणाल्या, पहिल्या खेपेत गेलं तर चांगली सरी भेटते. म्हणजे डोंगा भरून चालतो तो कोणा एकामुळं नाही. प्रत्येकाची घाई त्यात बसलेली असते.

आम्ही ठरवलं ते साधं आहे. डोंग्याच्या बाहेरून चुन्याची नाही, ऑइलपेंटची पांढरी रेघ मारली, काठापासून एक वीत खाली. ही रेघ पाण्याला लागली की डोंगा भरला, मग आत चार असो की सहा. माणसं मोजण्यात भांडण होतं, रेघेशी भांडता येत नाही. (समुद्रावरच्या जहाजांना अशी रेघ मारायचा कायदा इंग्लंडात १८७६ मध्ये झाला होता. आम्हाला ते नंतर कळलं.) खेपेची पाळी गटवार लावली, आज पहिल्या त्या उद्या दुसऱ्या. दुसऱ्या खेपेचे पैसे ठेकेदारानं द्यावे असं म्हटलं. एक ठेकेदार तयार झाला. दुसरा झाला नाही, त्यानं दुसऱ्या गावच्या बाया नेल्या. आमच्या अकरा जणी त्या हंगामात आठ दिवस घरी बसल्या. त्यांपैकी दोघी अजून आमच्याशी मोकळं बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं आम्हाला म्हणता येत नाही. त्यांचं नुकसान आम्ही भरून दिलं नाही, रेघ पुसलीही नाही.

ग्रामसंघाच्या पैशातून लाइफ जॅकेट घेतले. पहिले काही दिवस बाया ते मांडीखाली घेऊन बसायच्या, मऊ लागते म्हणून. हसू नका, तुमच्याही गावात हेच होईल. जॅकेट अंगात घालायचं, सगळे पट्टे बांधायचे, आणि शालीच्या वरून घालायचं. थंडीत आपण शाल डोक्यावरून घेऊन मागं गाठ मारतो, ती गाठ डोंग्यात सोडून ठेवायची. ओली शाल आणि ओलं लुगडं माणसाला खाली ओढतं. विळा, डबा, पाण्याची कॅन मधोमध ठेवायची. बसायचं ते तळाला, काठावर नाही. उठून उभं राहायचं नाही, पलीकडं लागला तरी एकेकीनं उतरायचं. धुई असली तर ती विरेपर्यंत थांबायचं. नावाड्यानं घेतलेली असेल तर त्या दिवशी कोणीच बसायचं नाही, त्याच्या घरच्या बाईनं आम्हाला हे स्वतः सांगितलं आहे.

आणि उलटलाच तर? आपलं पाणी गोठत नाही, पण जानेवारीतलं पाणी छातीला लागलं की श्वास एकदम कोंडतो आणि माणूस तोंड उघडतं. तेव्हाच पाणी आत जातं. पहिली दोन मिनिटं पोहायचा प्रयत्न न करता हाताला येईल ते धरायचं आणि श्वास जागेवर येऊ द्यायचा. लाकडी डोंगा उलटला तरी तरंगतो, त्याला सोडायचं नाही. पत्र्याची नाव पाणी भरलं की बुडते, म्हणून तिच्यात रिकाम्या, बूच घट्ट लावलेल्या प्लास्टिकच्या कॅन बांधून ठेवा. काठावरच्यांनी उडी घ्यायची नाही, दोरी फेकायची, साडी फेकायची, बांबू पुढं करायचा. बाहेर काढलेल्या बाईचे ओले कपडे काढून कोरडं घोंगडं द्या, शुद्धीत असेल तर गरम चहा द्या. दारू अजिबात नाही. श्वास नसेल तर तिथंच तोंडानं श्वास द्यायला लागा, आणि १०८ ला फोन. बरी दिसली तरी दवाखान्यात नेलीच पाहिजे, पाणी छातीत गेलं असेल तर त्रास नंतर होतो.

विम्याचं बोलून थांबतो. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, १८ ते ७० वयाच्या बाईला, अपघाती मृत्यूला २ लाख. दुसरा जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात घ्यावा लागतो, त्यालाही २ लाख. हे पैसे मे महिन्याच्या शेवटी कापतात आणि त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. पुष्कळ बायांना वाटतं आपला विमा आहे, आणि पासबुक पाहिलं तर कापल्याची नोंदच नसते. तर या आठवड्यात आपलं पासबुक भरून आणा, सीआरपी ताईला दाखवा, वारसाचं नाव तपासा. लग्नाआधी काढलेल्या खात्यावर अजून वडिलांचंच नाव असतं.

पुढच्या बुधवारी आमच्या घाटावर रेघेला नवा रंग द्यायचा आहे. ज्या गावांना आपल्या डोंग्यावर रेघ मारून घ्यायची आहे त्यांनी सकाळी आठला यावं. रंग आमच्याकडं आहे, ब्रश एकच आहे, तो आणता आला तर आणा.